गाडीची गादी आणि गाडीचा धूर



काल याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावरील रसाळ विवेचन ऐकलेत. उद्या, पत्रिकेत छापल्याप्रमाणे, राज्यघटनेवर ऐकणार आहात. या दोहोंच्या मध्ये आमची मोटारगाडी येऊन उभी राहिली आहे. संयोजक मंडळींनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'मोटारीची घरच्या घरी सुधारणा, आसनाच्या गादीपासून सायलेन्सरच्या गळतीपर्यंत' असे सांगितले. ते क्षणभर गप्प बसले. हा युनियनचा माणूस, बोनसवर बोलेल, ठेकेदारीवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आम्ही खाणीच्या फाटकापाशी वर्षभर बोलतच असतो, आणि तेथे श्रोत्यांना खुर्च्याही नसतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकशिक्षणासाठी. सायलेन्सर हा लोकशिक्षणाचा विषय होऊ शकतो की नाही, हे तासाभराने आपणच ठरवा.

आमच्या अधिकाराविषयी दोन शब्द. आमची शाळा आठवीत सुटली. त्यानंतरची शाळा म्हणजे एका मिस्त्रीचे गॅरेज. तेथे पहिले वर्ष पाने पुसण्यात आणि दुसरे शिव्या खाण्यात गेले. पुढे खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपरच्या दुरुस्तीवर लागलो आणि तेथून युनियनच्या कामात आलो. पुस्तके वाचली ती वाचनालयाच्या कृपेने, रात्रपाळी संपल्यावर. तेव्हा सभेत कोणी इंजिनिअर मंडळी असतील तर त्यांनी आमची परिभाषा गोड मानून घ्यावी.

आमच्या लहानपणी मोटार म्हणजे डॉक्टरांची, नाहीतर जिनिंगवाल्या शेटजींची. आज राजूरला जा, चिखलगावला जा, भालरच्या वसाहतीत जा, कामगाराच्या दारात गाडी उभी दिसते. बहुधा ती तिसऱ्या किंवा चौथ्या मालकाकडे आलेली असते आणि पतसंस्थेच्या कर्जातून घेतलेली असते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पण आमच्या गल्ल्यांतून तिचे हिंडणे काही थांबलेले नाही. अशी गाडी घेणाऱ्या माणसाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे बिल परवडत नाही, म्हणून रविवारी सकाळी तो स्वतःच पाना घेऊन बसतो. याचे आम्हांला मनापासून कौतुक आहे. आठवडाभर दुसऱ्याचे यंत्र चालवणारा माणूस त्या दिवशी प्रथम स्वतःचे यंत्र उघडून पाहतो. काय कशामुळे हलते हे त्याला कळू लागते. असे कळू लागलेला माणूस पुढे पगाराच्या चिठ्ठीवरची कपातही नीट वाचतो, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

पण त्या रविवारच्या कामाचा क्रम पाहिला की आम्ही काळजीत पडतो. पहिला खर्च होतो सीट कव्हरांवर. मग गाणी लावण्याची पेटी, मग रंगीत दिवे, मग पायाखालची जाड चटई. शेवटी पैसे उरले तर ब्रेक, आणि गाडीच्या पोटाखाली तर कोणी वाकूनही पाहत नाही. गादी डोळ्यांना दिसते, पाहुण्यांनाही दिसते. धूर दिसत नाही. आज आम्हांला जे सांगायचे आहे ते एवढ्यातच आहे. बाकीचे सर्व त्याचे तपशील.

तरीही आरंभ गादीपासूनच करू, कारण गादीला आम्ही चैन मानत नाही. डंपरवर आठ तास बसणाऱ्या ड्रायव्हरची कंबर कशाने जाते हे या सभेतील निम्म्या घरांना ठाऊक आहे. खड्ड्याचा धक्का टायरातून, स्प्रिंगातून, आसनातून येत येत मणक्यात जाऊन थांबतो, आणि मधले आसन बसलेले असेल तर सगळा हिशेब मणक्यालाच चुकता करावा लागतो. चांगल्या आसनाची मागणी आम्ही पगाराच्या मागणीइतक्याच जोराने केलेली आहे. मग घरच्या गाडीला वेगळा न्याय का?

जुन्या गाड्यांची आसने उघडून पाहणे हा एक आनंद होता. आत स्प्रिंगांची जाळी, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्याचा थर, आणि वर रेक्झिन. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. तिचे पुढचे आसन म्हणजे अखंड बाकडेच. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती दोन पिढ्या राबली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर तेथील रस्त्यांवरून उतरली. त्या टॅक्सीवाल्यांचे आसनावर विलक्षण प्रेम. फुलाफुलांचे कापड, मखमल, झालरी! २०१५ च्या सुमारास काही तरुण चित्रकारांनी तर त्या टॅक्सींच्या आसनांसाठी खास चित्रे काढून कापड छापून घेतले, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांना त्या आसनांचे सौंदर्य दिसले. टॅक्सीवाल्याला ते आधीपासून दिसत होतेच.

आता आसनांत साच्यातून काढलेला फोम असतो. तो बसला की माणूस कव्हर बदलतो, आणि वर्षभराने कव्हरही बसते. बसलेल्या फोमवर नवे कव्हर म्हणजे फाटक्या बनियनवर इस्त्रीचा सदरा. आधी आसन काढावे. बहुतेक लहान गाड्यांत ते चार बोल्टांवर असते. उलटे करून पाहिले तर रेक्झिन तारेच्या लहान कड्यांनी सांगाड्याला धरलेले दिसते. त्या कड्या पकडीने उघडाव्यात, ओढून तोडू नयेत. खाली जाळीची तार तुटली असेल तर तेथे नवी तार बांधावी. तेवढ्यानेच निम्मे आसन वर येते. फोमचा खड्डा पडला असेल तेथे नव्या फोमचा तुकडा बसवून चिकटवावा. फोम घेताना अंगठ्याने दाबून पाहावा. खूण राहिली तर दुकानदाराला नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे. उसवलेली शिवण दाभणाने आणि मेणवलेल्या दोऱ्याने घरी शिवता येते. आमच्या घरची शिवण आमची नाही, हे येथेच सांगितलेले बरे. ती पुढच्या रांगेत बसलेली आहे.

कापडाविषयी एक तक्रार. मे महिन्यात वणीचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि आम्ही गाडीत घालतो काळे रेक्झिन! दुपारी त्यावर लहान मूल बसवून पाहा म्हणजे कळेल. आपला तालुका कापसाचा. जाडेभरडे सुती कापड घ्यावे, दोनदा धुऊन आटवावे आणि मग बेतावे. घाम शोषते, धुता येते, आणि फाटले तर पुढे पाने पुसायला होते.

पण नव्या गाड्यांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा लागतो. आसनाखाली पिवळी जोडणी असलेली तार दिसली की थांबावे. ती एअरबॅगची किंवा सीटबेल्ट खेचून घट्ट करणाऱ्या यंत्रणेची असते, आणि त्या दोन्हींत लहानशी स्फोटक दारू असते. बॅटरीची तार काढून काही मिनिटे थांबल्यावाचून तिला हात लावू नये. खरे म्हणजे आपण लावूच नये. काही गाड्यांत एअरबॅग आसनाच्या कुशीतून, शिवण फाडून बाहेर येते. त्यावर आपण हौसेने घट्ट कव्हर चढवले तर ती वेळेवर बाहेर येईलच असे नाही. तेवढी जागा मोकळी ठेवलेलीच कव्हरे घ्यावीत.

गादी येथे सोडू आणि पोटाखाली जाऊ.

इंजिनात पेट्रोल जळते आणि जळका वायू बाहेर पडतो. तो आधी एका ओतीव लोखंडी फाट्यात येतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तेथून पाईप, पाईपात धूर शुद्ध करणारा डबा, त्याचे नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग सायलेन्सर, आणि मग शेपटी. प्रत्येक सांध्यात गॅसकेट असते, आणि सगळी नळी रबरी कड्यांवर लोंबकळत असते. इंजिनापासून शेपटीपर्यंत ही नळी अखंड राहिली पाहिजे, हा तिचा एकमेव धर्म.

आमच्याकडे ती लवकर का सडते? पुष्कळांना वाटते खड्ड्यांमुळे. कोळशाच्या ट्रकांनी रस्त्यांची जी दशा केली आहे ती पाहता खड्ड्यांना निर्दोष ठरवण्याची आमची इच्छा नाही. पण मोठा गुन्हेगार पाणी आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटरच पाणी तयार होते, वाफेच्या रूपाने. नळी तापलेली असेल तर वाफ बाहेर निघून जाते. खाण घरापासून चार किलोमीटर. गाडी सुरू केली, नळी तापण्याच्या आतच बंद केली. ती वाफ सायलेन्सरच्या पोटात थंड होऊन साचते, धुरातले आम्ल तिच्यात मिसळते, आणि लोखंड आतून खाल्ले जाते. वरून रंग शाबूत असतो. म्हणून कधीमधी गाडी जरा लांब, वरोऱ्यापर्यंत तरी नेऊन आणावी. सायलेन्सर वाळतो आणि सासुरवाडीही होते.

नळीला भोक पडले की आवाज वाढतो, आणि तरुण मंडळींना तो आवडतो. आवाजाला आम्ही भीत नाही. भीती आहे त्या वायूची ज्याला आवाज नाही, रंग नाही, वास नाही. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. या सभेतील खाणकामगारांना आम्ही त्याची ओळख काय करून द्यावी? खाणीत आग लागली, स्फोट झाला की मागे राहतो तो हाच. इंग्रज खाणवाले त्याला व्हाइट डॅम्प म्हणत.

१८९६ साली वेल्समध्ये टायलर्सटाउन येथे कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. जॉन स्कॉट हाल्डेन नावाचा शास्त्रज्ञ तेथे गेला आणि मृत कामगारांची रक्तपरीक्षा केली. बहुतेकांचा जीव स्फोटाच्या तडाख्याने गेलेला नव्हता. या वायूने गेला होता. त्यानेच पुढे सुचवले की खाणीत लहान प्राणी न्यावेत, कारण माणसाच्या आधी ते कोसळतात. त्यातून कॅनरी पक्षी खाणीत गेले आणि ब्रिटनमध्ये १९८६ पर्यंत ते नोकरीवर होते. हाल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन, तोही मोठा शास्त्रज्ञ. तो १९५७ साली भारतात येऊन राहिला आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारला. बापाबरोबर तो लहानपणी खाणीत उतरत असे. अशा माणसांविषयी वाचताना आम्हांला वाटते की विज्ञान हे आमच्या बाजूचे आहे.

हा वायू मारतो कसा? आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. हमालाच्या डोक्यावर दुसऱ्याच कोणी पोते ठेवावे आणि ते उतरूच नये, तशी गत. आधी डोके दुखते, मग मळमळते, मग गुंगी येते. गुंगीत माणसाला धोका कळण्याची बुद्धीच राहत नाही. उघड्या हवेत आणल्यावरही रक्तातील तो वायू निम्म्याने उतरायला चारपाच तास लागतात. गर्भवती स्त्रीच्या पोटातील बाळाला तो आईपेक्षाही अधिक बाधतो. आणि कुटुंब निघाले की ती माउली बसते कोठे? मागच्या आसनावर. खाली नळी फुटलेली असेल तर तिच्या पायाखाली.

थोडा हिशेब मांडू. कोळसा खाणीतील हवेत हा वायू दहा लाख भागांत ५० भागांपेक्षा अधिक नसावा, असे बंधन आहे. त्या ५० भागांसाठी पंखे लावून घेतले, दारे बसवून घेतली, हवा मोजून घेतली. त्यासाठी कामगारांना भांडावे लागले आहे. आता पीयूसीचा नियम पाहा. बीएस-४ च्या पेट्रोल गाडीच्या धुरात हा वायू ०.३ टक्के चालतो. ०.३ टक्के म्हणजे दहा लाखांत ३,००० भाग. खाणीच्या मर्यादेच्या साठ पट. बीएस-२ च्याही आधीच्या जुन्या गाडीला ३ टक्के चालतात. म्हणजे सहाशे पट. शेपटीतून उघड्या आकाशात गेला तर पांगतो. पायाखालून आत आला, काचा बंद, वातानुकूलन आतलीच हवा फिरवणारे, तर तो पांगणार कोठे? ज्याने खाणीत ५० भागांसाठी भांडून हवा मिळवली, तोच कामगार जेवणाच्या सुट्टीत इंजिन सुरू ठेवून गाडीत झोपतो. आम्ही अशांना काच वाजवून उठवलेले आहे.

एक अनुभव सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका ठेकेदाराची जीप मारेगावकडच्या खेड्यांतून आमच्या लोकांना पाळीवर आणत असे. मागे दहाबारा माणसे. थंडीचे दिवस, ताडपत्री सगळीकडून बांधलेली. दोन आठवड्यांपासून त्या जीपमधून येणाऱ्यांचे डोके दुखे, एकदोघे उतरताच ओकत. मुकादमाने निदान केले: दारू. त्यांची हजेरी कापली. त्यांतील एक माळकरी होता. त्याने आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नव्हता. तो आमच्याकडे आला तो हजेरीसाठी नव्हे, बदनामीसाठी. आम्ही विचारले, ड्रायव्हरचे डोके दुखते का? म्हणाला, नाही, तो पुढे काच उघडी ठेवतो.

जीप पाहिली. बाहेरून सुंदर! त्याच दिवाळीत तिला नव्या गाद्या, नवे लाल रेक्झिन आणि तळाला जाड नवी चटई घातलेली. चटई उचलली तर तिच्याखाली पत्र्याला तळहाताएवढे भोक, आणि त्या भोकाच्या बरोबर खाली पाईपाचा सांधा उघडा पडलेला, भोवती काजळीचे काळे वर्तुळ. गाद्या करणाऱ्याने ते भोक पाहिलेच असणार. त्याला सांगितले होते चटई घाल, त्याने घातली.

सांध्याचे गॅसकेट आणि पत्र्याचे एक ठिगळ, अर्ध्या दिवसाचे काम. गाद्यांचा खर्च याच्या कितीतरी पट झाला होता. दुरुस्ती झाली, डोकेदुखी थांबली. मग ठेकेदाराने दुरुस्तीचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापले. ते परत मिळवायला आम्हांला तीन महिने लागले. कापलेली हजेरीही भरून मिळाली, पण मुकादमाने माळकऱ्याची क्षमा मागितली नाही, आणि त्याचे कलम आमच्या मागणीपत्रात बसेना.

आता गळती शोधायची कशी ते सांगतो; लिहून घ्यावयाचे असेल त्यांनी घ्यावे. गाडी रात्रभर उभी असलेली, पूर्ण थंड हवी. उघड्या जागेत काढावी. बंद शेडमध्ये इंजिन सुरू करणे म्हणजे आत्महत्येची तयारी. इंजिन सुरू करून कान द्यावा. थंड असताना टकटक असा आवाज येतो आणि तापल्यावर कमी होतो, तर मॅनिफोल्डचे गॅसकेट गेले असण्याचा संभव. लोखंड तापून फुगते आणि फट तात्पुरती बुजते, म्हणूनच तापलेली गाडी मिस्त्रीकडे नेली की 'काही नाही साहेब' असे उत्तर मिळते. मग सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडावे. नळी तापण्याच्या आत, दोनतीन मिनिटांत. बुडबुडा तेथे गळती. किंवा एकाने जाड चिंधीने शेपटीचे तोंड क्षणभर दाबावे, दुसऱ्याने ऐकावे. फुसफुस जेथे होईल तेथे खूण करावी. काजळीचे डाग तर न बोलता सांगतात. एवढे झाल्यावर चटया उचलून तळ पाहावा, डिकीच्या दाराचे रबर पाहावे. डिकी उघडी ठेवून सामान नेले की मागचा धूर गाडीत ओढला जातो, हे फार थोड्यांना माहीत असते.

पोटाखाली जाण्याआधी एक गोष्ट हात जोडून सांगतो. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली शिरू नये. आपली जमीन काळी कपाशीची. वरून टणक दिसते आणि जॅक हळूहळू आत जातो. खाली जाड फळी द्यावी आणि लोखंडी घोडीवर गाडी टेकवावी. विटा रचू नयेत. वीट इशारा न देता फुटते. 

गंजलेले नट जोर करून फिरवले तर बोल्ट तुटतो आणि मग मिस्त्रीकडे जाणे टळत नाही. आदल्या रात्री त्यावर डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. गॅसकेट दर वेळी नवे. जुने चिकटवून चालत नाही. मॅनिफोल्डचे नट मधून बाहेरच्या बाजूला, थोडेथोडे, सारखे आवळावेत. फार जुन्या गाडीचे गॅसकेट खरवडताना फुंकर मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे; त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. त्या धुळीने फुप्फुसे गेलेल्या कामगारांचा प्रश्न २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या जगण्याच्या हक्काशी जोडला, एवढी ती धूळ मोठी आहे. पाईपाला बारीक भोक असेल तर तुपाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून वर क्लॅम्प आवळावा. हा उपाय गावी पोचेपर्यंतचा, वर्षभराचा नाही. साधी पुट्टी तर तापली की गळूनच पडते. वेल्डिंग करायचे असेल तर ते मिस्त्रीकडेच. बॅटरीची तार काढावयाची आणि पेट्रोलची टाकी किती दूर आहे हे आधी पाहावयाचे. 

मी, माझी गाडी दर सहा महिन्यांनी पीयूसी करतो, मला काय भय, असे कोणी म्हणेल. तर ऐका. मधल्या फटीतून बाहेरची हवा नळीत ओढली जाते आणि शेपटीपाशी धूर पातळ होऊन पोचतो. यंत्र शेपटीला लावतात. म्हणजे गळकी गाडी परीक्षेत अधिक गुण मिळवू शकते! शिवाय नळीत बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट असेल तर त्याला वाटते पेट्रोल कमी पडते आहे, तो इंजिनाला अधिक पेट्रोल द्यायला लावतो, आणि मालक पंपवाल्याच्या मापाला नावे ठेवतो.

कन्व्हर्टरविषयी थोडक्यात. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला आणि त्याच्यासोबत शिसेविरहित पेट्रोल आले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. त्याच्या पोटात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप असतो. म्हणून काही भंगारवाले तो 'मोकळा' करून देतो म्हणतात आणि वर पैसेही देतात. तो डबा कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकतो. तो विकणे म्हणजे घराचा दरवाजा विकून कुलूप घेणे.

कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीची मूळ रचना नोंदणीतील तपशिलाहून वेगळी होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. काळ्या फिल्मा तर २७ एप्रिल २०१२ च्या निकालानेच गेल्या. गादी शिवणे, गॅसकेट बदलणे, मूळ मापाचाच सायलेन्सर बसवणे ही दुरुस्ती आहे, ती करावी. आवाजाचा सायलेन्सर, वाढवलेली आसने, स्वयंपाकाच्या गॅसवर चालवलेली व्हॅन हा बदल आहे. आणि शेवटचा तर पेटता बदल आहे.

येथे सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावची हकीकत आठवते. यशवंतराव चव्हाण जन्मले ते हे गाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातील भाग जमवून लहानशी चारचाकी तयार केली, दुचाकीसारखी पायाने किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. नियमांत बसत नसल्याने ती केव्हातरी अडवली जाईल हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. देणाऱ्याचे औदार्य आम्ही मानतो. नियमही योग्य आहे. रस्ता सर्वांचा आहे. पण आमच्या मनात राहिला तो दुसराच प्रश्न. असे हात गावोगावी आहेत. त्यांना बक्षीस एकदा मिळते. शिकवणारा मिळत नाही, आणि गाडीची दुरुस्ती-पुस्तिका तर कंपनी दाखवतही नाही. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्याच वर्षअखेर त्यासाठी संकेतस्थळही उघडले. मोटारीचा त्यात समावेश आहे. पुस्तिका आणि सुटे भाग खुल्या बाजारात वाजवी भावाने मिळावेत, ही मागणी आम्ही कामगारांची मागणी मानतो.

कोणी म्हणेल, घरीच दुरुस्ती केली तर गॅरेजच्या मिस्त्रीचे काय? युनियनवाल्याने मिस्त्रीच्या पोटावर पाय द्यावा का? प्रश्न रास्त आहे, आणि आम्हांलाही तो वर्षानुवर्षे टोचलेला आहे. आमचे निरीक्षण असे की स्वतः गॅसकेट बदलून पाहिलेला माणूस मिस्त्रीच्या मजुरीवर घासाघीस करत नाही. हे काम किती हाडे मोडणारे आहे ते त्याला कळलेले असते. घासाघीस करतो तो, ज्याने कधी हात काळे केलेले नाहीत. आणि टॉर्च धरायला जो पोरगा बोलावता त्यालाही दिवसाचे पैसे द्या. चहा म्हणजे मजुरी नव्हे.

येत्या रविवारी सकाळी सहाला युनियनच्या कार्यालयामागच्या पटांगणात आम्ही ज्यांना हवे त्यांच्या गाड्यांची नळी फुकट तपासून देणार आहोत. साबणाचे पाणी, घोड्या आणि फळ्या आमच्याकडे आहेत. चटया मात्र घरूनच काढून आणा. गाडी थंड लागते, हे मघाशी सांगितलेच. तेव्हा शनिवारी रात्रीच आणून लावा आणि घरी पायी जा. चावी तुमच्याकडेच असू द्या.